कर्ता गायब

पहाटे 5. भीमेच्या पुलावर दुचाकी थांबवली. हा काठ शिरूर तालुक्याचा, तो दौंडचा. खाली पात्रात बोटीचं इंजिन धडधडतंय, काठावर वाळूनं भरलेला हायवा उभा. दोन फोटो घेतले. गाडी कोणाची, हे पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल.

6.30. डेअरीला दूध घातलं, पेपरचे गठ्ठे सोडले. मी बातमीदार, एजंटही मीच. पगार नाही, जाहिरातीवरचं कमिशन. गेल्या महिन्यात या हायवावाल्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात मीच आणली होती.

9. वाळूउपशाबद्दल दोन्ही तालुक्यांच्या कचेऱ्यांत फोन केले. उत्तर एकच: "ती हद्द पलीकडची."

11. आज 6 जानेवारी, पत्रकार दिन. 1832 साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. त्या निमित्तानं आमचा सत्कार. शाल घालायला पुढं आला हायवावाला. माईकवर म्हणाला, "पत्रकारांनी निर्भीड लिहावं." आम्ही टाळ्या वाजवल्या.

1. जेवताना अण्णांना फोटो दाखवले. अण्णा आमच्यात सगळ्यात जुने. म्हणाले, "2017 चा कायदा आहे की. पत्रकारावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र गुन्हा." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण त्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य धंदा पत्रकारितेचा तो. तुझा मुख्य धंदा कोणता? दूध?" हसलो. मग राजापूरच्या पत्रकार शशिकांत वारिशेंचा विषय निघाला. 6 फेब्रुवारी 2023 ला रिफायनरीच्या समर्थकाविषयी त्यांची बातमी आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली. दुसऱ्या दिवशी ते गेले. कायदा तेव्हाही होता. पुढं कोणी भात मागितला नाही.

4. लिहायला बसलो. पहिलं वाक्य नावानिशी लिहिलं. नाव खोडून 'एका बड्या व्यावसायिकाच्या बोटी' केलं. तेही खोडलं. उरलं ते असं: 'भीमा पात्रात वाळूउपसा केला जात असल्याची चर्चा आहे.' शाळेत गुरुजींनी शिकवलेला कर्मणी प्रयोग असा उपयोगी पडतो. वाळू राहते, उपसा राहतो, कर्ता तेवढा गायब.

5. बातमी पाठवली. डेस्कनं स्वल्पविरामही बदलला नाही. दिवसभरात मला धमकीचा एकही फोन आला नव्हता.

8. पाच दिवसांपूर्वी, 1 जानेवारीला, कोरेगाव भीमाच्या बंदोबस्तात उभा होतो. मोबाइलवर एक अफवा आली होती. 2018 च्या दंगलीत काय झालं ते या तालुक्यानं पाहिलंय, म्हणून ती पुढं पाठवली नाही, छापलीही नाही. त्या रात्री शांत झोप लागली. न छापणं तेही होतं, न छापणं हेही. फरक झोपेतच कळतो.

10. बातमी गावच्या ग्रुपवर टाकली. पहिला अंगठा हायवावाल्याचा.