छोटा ट्रॅव्हल ट्रेलर : गाडी आणि हिच (अमेरिकी पद्धत)

गाडी आणि हिच (गाडीला ट्रेलर जोडणारा भाग) निवडण्याचा हिशेब रिकाम्या ट्रेलरवर नव्हे, तर पाणी, गॅस, सामानासह कमाल मान्य वजनावर होतो.

टंग वेट : हिचच्या बॉलवर पडणारा उभा भार, एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के. 3,000 पौंडांच्या (सुमारे 1,360 किलो) ट्रेलरला 300 ते 450 पौंड. भार कमी पडला तर ट्रेलर डोलू लागतो. जास्त झाला तर गाडी मागून दबते, पुढच्या चाकांची पकड कमी होते. हा भार प्रवासी आणि सामानाबरोबर गाडीच्या पेलोडमध्येच (गाडीवर लादता येणाऱ्या कमाल भारात) मोजतात. म्हणून ओढण्याची क्षमता शिल्लक असतानाही पेलोड आधी संपू शकतो.

हिचचे वर्ग : पहिला 2,000 पौंडांपर्यंत, दुसरा 3,500 पर्यंत. तिसऱ्याचा रिसीव्हर (बॉलचा दांडा बसतो ती चौकोनी नळी) 2 इंची. गाडी, हिच, बॉल यांपैकी सर्वांत कमी क्षमतेचा भाग खरी मर्यादा ठरवतो.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच : स्प्रिंग बार मागचा काही भार गाडीच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांकडे वळवतात. गाडीची मान्य क्षमता मात्र वाढत नाही. काही गाड्यांना ही हिच चालत नाही. मॅन्युअल पाहणे आवश्यक.

ब्रेक : अनेक राज्यांत 3,000 पौंडांवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो.