आधी जमीन, मग हूक

22 जानेवारी 2023 च्या रात्री तामिळनाडूच्या राणीपेट जिल्ह्यात, अरक्कोणमजवळच्या एका गावात देवळाचा उत्सव चालला होता. मूर्तीला हार घालण्यासाठी काही जणांना क्रेनवर वर चढवलं होतं. क्रेन कलंडली आणि गर्दीवर कोसळली. चौघांचे जीव गेले. खालची जमीन उंचसखल होती. असल्या क्रेनने माणसं उचलायचीच नसतात. त्यात ती उचलली अशा जमिनीवर.

क्रेन उलटली की वजन जास्त झालं असेल, असं लोक धरून चालतात. पण पुष्कळदा वजन बेताचंच असतं आणि घात जमीन करते. क्रेनच्या बूमचं, म्हणजे लांब हाताचं, टोक 40 मीटर उंच असेल आणि गाडी एकाच अंशाने कलली, तर ते टोक सुमारे 70 सेंटिमीटर बाजूला जातं. माल गाडीपासून जितका लांब, तितकी उचलण्याची ताकद कमी. प्रत्येक क्रेनसोबत येणारा लोड चार्ट, म्हणजे किती लांबवर किती वजन उचलता येईल याचा तक्ता, गाडी समपातळीत आहे असं धरूनच केलेला असतो. साधारणपणे मीटरमागे एक सेंटिमीटर एवढाच उतार त्यात चालतो.

गाडीला आधार देणारे जॅक लावले की निर्धास्त व्हावं, असंही नाही. बूम एका कोपऱ्यावर फिरली की गाडी आणि माल यांच्या एकूण वजनाचा तीन चतुर्थांश भाग एकाच जॅकवर येऊ शकतो. समजा, 40 टन भार जॅकखालच्या अर्ध्या मीटरच्या चौकोनी पाटावर आला, तर जमिनीवर चौरस मीटरला 160 टन दाब पडतो. त्याच पाटाखाली दीड मीटर लांब-रुंद, भक्कम लाकडी स्लीपरची चौकट घातली, तर तो 18 टनांवर येतो. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी ही माती एका पावसात लोण्यासारखी होते. नुकताच टाकलेला भराव, बुजवलेली पाइपलाइन, पायाच्या खड्ड्याची कड हेही तितकेच दगाबाज. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर कडेपासून सोडावं. माती भुसभुशीत असेल तर दुप्पट.

गावोगावी दिसणाऱ्या हायड्रा क्रेनला तर जॅकच नसतात. माल लटकवून ती चालते आणि वळताना कमरेत मोडते. सरळ उभी असताना पेललेला माल वळणावर तिला आडवी करू शकतो, उतारावर तर विशेषच. म्हणून माल जमिनीलगत ठेवायचा, दोरीने आवरायचा, सावकाश चालायचं. अनेक मोठ्या प्रकल्पांनी हायड्राला बंदी घातली आहे, ती योग्यच आहे.

हे सगळं ऑपरेटरला ठाऊक असतं. पण तासावर भाडं चालू असताना ‘इथे गाडी लागणार नाही’ असं म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. गणपतीची मोठी मूर्ती असो की शेतातला ट्रान्सफॉर्मर, क्रेन बोलावणाऱ्यांनी ऑपरेटरला आदल्या दिवशी जागा दाखवावी, आणि तो नाही म्हणाला तर भाडं देऊन गाडी परत पाठवावी.