ब्रेकही त्याच पट्ट्यावर

माझ्या जुन्या डिझेल जीपचा फॅन बेल्ट मी स्वतःच्या हातानं बदलतो, कारण त्यावर ब्रेकही अवलंबून आहेत. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो. त्यामुळे ब्रेक बूस्टरला लागणारी ओढ वेगळा व्हॅक्यूम पंप तयार करतो आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंगचा दिवा लागतो, वॉटर पंप थांबून इंजिन तापतं, आणि दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं. घाट उतरताना हे होऊ नये, म्हणून आतल्या बाजूला भेगा दिसल्या की मी एक दिवसही थांबत नाही.

इंजिन गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडे ढकलला की जुना पट्टा निघतो. पुलीच्या खाचेत तेल दिसलं तर आधी गळती शोधा. तेलानं नवं रबरही लवकर जातं. नवा पट्टा ताणायला अल्टरनेटर टॉमीनं (लोखंडी सळईनं) बाहेर रेटताना ती व्हॅक्यूम पंपावर टेकवू नका. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला की पुरे. जास्त ताणानं बेअरिंग खराब होतात. नवा पट्टा थोडा चालला की सैलावतो, त्यामुळे काही दिवसांनी ताण पुन्हा तपासाच.