पाइप वाकवण्याआधीचे दोन भागाकार

वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं वाढत गेली. मोटारसायकलचं हॅन्डल, सायलेन्सरचा बेंड पाइप, लेग गार्ड या सगळ्याचं मूळ काम एकच : पाइप वाकवणं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जाड पाइप अवघड. त्याला जोर जास्त लागतो खरा, पण जोर हायड्रॉलिकचा, तो मिळतो. छळतो तो पातळ पाइप. वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणून झिरझिरीत होते, आतली दबून सुरकुतते आणि मधला गोल चपटा होतो.

हा छळ आधीच ओळखायला दोन भागाकार पुरतात. बाहेरचा व्यास भागिले जाडी, हा पहिला. मध्यरेषेवर मोजलेली बाकाची त्रिज्या भागिले व्यास, हा दुसरा. मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर जितकं मोठं तितकं काम कठीण.

समजा, हॅन्डलचा पाइप 22 मिमी व्यासाचा, 2 मिमी जाड आणि त्रिज्या 66. उत्तर येतं 3.7. आता सायलेन्सरसाठी 32 मिमीचा, 1.2 मिमी जाड पाइप घ्या, त्रिज्या 48. उत्तर जवळपास 18! पहिला पोकळच वाकवता येतो. दुसऱ्याच्या पोटात मॅन्ड्रेल, म्हणजे आतून आधार देणारा दांडा, घालावा लागतो, शिवाय आतल्या बाजूच्या सुरकुत्या अडवायला वायपर डाय. तरीही हिशेबाने त्याची बाहेरची भिंत 0.9 मिमीवर उतरते.

या आकड्याला धातू मात्र कळत नाही. स्टेनलेस भरपूर ताणतं, पण सोडल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त उलटं फिरतं. म्हणून ते थोडं जादाच वाकवायचं. पोलादी मॅन्ड्रेलला ते घासून चिकटतं, तिथे ब्रॉन्झचा मॅन्ड्रेल लागतो. ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी गोल वळवून वेल्ड केलेल्या, पाइपची शिवण ताणाच्या बाजूला आली तर फाटण्याचा धोका. ती बगलेला ठेवायची, जिथे ताणही कमी आणि दाबही. दोन बाक जवळजवळ असतील तर क्लॅम्पला पकडायला सरळ लांबीच उरत नाही. अशा वेळी भागाकार कितीही सोपा आला तरी काम अडतं.

माझ्या मते यातला निम्मा त्रास यंत्रावर नव्हे, ड्रॉइंगवर जन्मतो. वरच्या सायलेन्सरच्या पाइपची त्रिज्या 48 ऐवजी 64 धरली, तर 18 चा आकडा थेट 13 वर येतो. तेव्हा डिझायनर मंडळींनो, त्रिज्या पक्की करण्याआधी बेंडिंगवाल्याला एक फोन करा.