श्रवणाचे ऋतू

जैन गृहस्थाला ‘श्रावक’ म्हणतात. जो ऐकतो तो श्रावक. भगवंतांची वाणी शतकानुशतके गुरुमुखातून शिष्याच्या कानी उतरत राहिली. पुढे स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, तेव्हा श्वेतांबर परंपरेनुसार देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांनी गिरनारवर दिलेले ज्ञान पुष्पदंत व भूतबली यांनी षट्खंडागमाच्या रूपाने लिपिबद्ध केले. अशा समाजाला पुस्तक कानांनी वाचणे नवखे वाटू नये.

तरीही आज ध्वनिपुस्तकांची गरज आहे ती वेगळ्या कारणाने. अनेक व्यापारी घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. गिऱ्हाइकांशी ती सफाईने मराठी बोलतात. पण मराठी पुस्तकाचे पान समोर आले की अडखळतात. आजी-आजोबांना वाचनाची गोडी आहे, पण नजर साथ देत नाही. मधली पिढी रात्री दुकान वाढवून घरी येते, तेव्हा तिच्या डोळ्यांत वाचनाचे त्राण उरलेले नसते. या तिन्ही पिढ्यांना एकाच कथेभोवती बसवण्याची शक्ती श्रवणात आहे. मात्र त्यासाठी कानांतले इयरफोन काढून दिवाणखान्यात एक लहानसा स्पीकर ठेवायला हवा. प्रत्येक जण आपापल्या कानांत कोंडला गेला, तर घरात पुस्तके चार होतील आणि संवाद एकही होणार नाही.

चातुर्मासापासून आरंभ करावा. प्रवचन, सामायिक, प्रतिक्रमण यांच्या वेळी मोबाइल दूरच असावा. परंतु चोविहारानंतर झोपेपर्यंतचा काही वेळ मोकळा असतो. त्या वेळेसाठी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ जणू मापून घडवली आहे. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी तिचा मोठा भाग लिहिला. पुस्तकात प्रकरणे नाहीत, बेचाळीस ‘रात्री’ आहेत. श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. मुळातच ती ऐकण्याची कथा आहे. रोज एक रात्र ऐकली, तर सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते आणि मुलांना मराठीचा एक निर्मळ, घरगुती सूर लाभतो.

दिवाळीत वहीपूजन होते आणि कार्तिक शुद्ध पंचमीला अनेक पेढ्यांवर नव्या वर्षाच्या व्यवहाराचा मुहूर्त साधला जातो. तीच लाभपंचमी आणि तीच ज्ञानपंचमी! या दिवसांसाठी महात्मा गांधींचे ‘सत्याचे प्रयोग’ निवडावे. हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांत ते ऐकावयास मिळते. साप्ताहिकासाठी लिहिले गेल्यामुळे त्याची प्रकरणे छोटी आहेत. एका बैठकीत दोन-तीन सहज होतात. त्यातील रायचंदभाईंवरचे, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांवरचे प्रकरण व्यापारी कुटुंबाने अवश्य ऐकावे. 1891 मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींना मुंबईत हा तरुण जवेरी भेटला. हिऱ्या-मोत्यांचे मोठे सौदे तो करी; पण गादीवर जवळच एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी असे. सौद्याचे बोलणे संपताच त्यांतले एक उघडले जाई. लाभ आणि ज्ञान एकाच गादीवर कसे नांदू शकतात, हे तिथे दिसते.

हिवाळ्याच्या दीर्घ रात्रींसाठी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या मुखाने बोलतात, त्यामुळे ही कादंबरी ऐकताना अधिक रंगते. ती प्रदीर्घ आहे. घाई करू नये. युद्धाचे वर्णन ऐकून लहान मुले प्रश्न विचारतील. तेव्हा थांबून वैर आणि क्षमेविषयी बोलावे. श्रवणाचे ते फळच होय.

उन्हाळ्यात प्रवास होतात, कधी तीर्थयात्रेचे, कधी खरेदीचे. वाटेत गाडीत सर्वांना हसवायला पु. ल. देशपांडे यांचे त्यांच्याच आवाजातील कथाकथन घ्यावे. ‘म्हैस’मध्ये कोकणातील एसटी एका म्हशीपायी खोळंबते आणि बसमधला एकेक उतारू आपल्या बोलीसह जिवंत होतो. वसुलीच्या चिंतेने दिवस कडू झाला असेल, तर ऋतूची वाट न पाहता हेच ऐकावे.

वर्गणी भरण्यापूर्वी हवे ते पुस्तक यादीत आहे ना, हे पाहावे. बहुधा नमुन्यादाखल काही मिनिटे ऐकता येतात. ती ऐकूनच निवड करावी. वाचकाचा आवाज मनाला रुचला नाही, तर उत्तम ग्रंथही अर्ध्यावर सुटतो. ऐकण्याचा वेग वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. आजीच्या गतीने चालणारी कथाच घरातील सर्वांपर्यंत पोहोचते.

आणखी एक ध्वनिपुस्तक कोणत्याही यादीत मिळणार नाही. घराण्याने गाव कधी सोडले, पहिली पेढी कुणाच्या विश्वासावर उघडली, तोट्याच्या वर्षी कुणाचे पैसे आधी फेडले, हे सारे अजून वडीलधाऱ्यांच्या कंठातच आहे. मोबाइलवर त्यांचा आवाज रोज दहा मिनिटे जतन करता येईल. पूर्वजांनी स्मरण क्षीण होत असताना ग्रंथ लिहिले; आज तेच काम एक कळ दाबून होते. येत्या ज्ञानपंचमीला ग्रंथांचे पूजन होईल, तेव्हा या श्रुताचाही आरंभ व्हावा.