प्लग-इन जोडता जोडता

२०१०च्या सुमारास बेळगावात मायक्रोकंट्रोलर शिकायचा म्हणजे ८०५१. इंटेलनं १९८० साली आणलेली ही चिप आमच्या अभ्यासक्रमात ठाण मांडून होती. तिचा प्रोग्राम लिहायच्या कील या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत दोन किलोबाइटच्या वरचा प्रोग्राम बसायचा नाही. म्हणून मी एव्हीआर या दुसऱ्या चिपकडे आणि एक्लिप्स या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरकडे वळलो.

एक्लिप्स २००१ साली आयबीएमनं सर्वांना खुलं केलेलं. त्यात सी भाषेत लिहायचं तर सीडीटी हे प्लग-इन हवं, एव्हीआरसाठी आणखी एक. खाली विनएव्हीआरमधला कंपायलर, आणि चिपमध्ये प्रोग्राम भरायला एव्हीआरड्यूड. घर निपाणीला, तिथलं नेट संथ. मग बेळगावच्या नेट कॅफेत झिप उतरवायची, पेनड्राइव्ह खिशात घालायचा आणि संकेश्वरमार्गे एसटीनं घर गाठायचं.

रात्री जोडणी सुरू. हेल्प मेनूतून झिप दाखवली, एक्लिप्स बंद करून पुन्हा उघडलं, बिल्ड दाबलं, की लाल ओळ: कंपायलर सापडत नाही. पाथ दुरुस्त केला, तरी अडलंच. दोन दिवसांनी उलगडा झाला. माझ्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती, आणि बिल्ड चालवणारा मेक तिथं नावाचे दोन तुकडे करत होता. प्रोजेक्ट थेट सी ड्राइव्हवर, सलग नावाच्या फोल्डरमध्ये हलवला. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला, तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवला.

२०१५ नंतर चित्र पालटलं. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड मॅनेजर आला. प्रेफरन्सेसमध्ये एक पत्ता चिकटवला की ईएसपी८२६६ या चिपची सगळी हत्यारं आपोआप उतरू लागली. पुढं व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्लॅटफॉर्मआयओ हे प्लग-इन आलं. बोर्डाचं नाव निवडलं की योग्य कंपायलर तेच घेऊन येतं. निपाणीच्या पोराला आता पेनड्राइव्ह घेऊन बेळगाव गाठावं लागत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा प्लग-इन बाजूला ठेवायला लावतो. काळ्या खिडकीत कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या साधनांच्या आज्ञा हातानं टाइप कर, हेक्स फाइल तयार झालेली बघ, मग एव्हीआरड्यूडनं ती चिपमध्ये भर. प्लग-इन स्वतः कंपाइल करत नाही, ते फक्त या सगळ्यांना हाक मारतं. हे एकदा हाताला कळलं, की लाल ओळ दिसल्यावर पोरगं घाबरत नाही. कुणाला हाक पोचली नाही, ते शोधू लागतं.