इंटरची परीक्षा आणि सुरत स्टेशन

मुलाचें कॉलेज संपत आलें कीं ‘पुढें काय?’ हा प्रश्न त्याच्याआधीं वडीलधाऱ्यांची झोप उडवितो. मार्च १९१६ मध्यें बडोद्याच्या विनायक नरहर भावे यांनीं, म्हणजे पुढच्या विनोबांनीं, तो फारच बिकट केला. इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले हे वीस वर्षांचे तरुण वाटेंत सुरतेसच उतरले, वडिलांना पत्र टाकलें आणि ब्रह्मजिज्ञासेपायीं काशीस गेले. दाखले तर आधींच चुलींत घातले होते! ईश्वरावर भार टाकणें म्हणजे पुढची वाट दिसणें नव्हे. हिमालय कीं बंगाल, हेंही ठरलेलें नव्हतें. काशींत गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचनांत आला, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून रोजीं ते अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमांत दाखल झाले. मधले अडीच महिने घरच्यांनीं कसे काढले असतील, हा विचार मात्र लेकुरवाळ्या वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं.